असाध्य रोग्यांची माउली : माता मेरी अल्फॉन्सा



महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखादें पुण्यचरित्र द्यावयाचें, ही आपल्या ख्रिस्तसभेंतील जुनी रीत. तिला अनुसरून आम्ही येथें एका धर्मभगिनीचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. केरळांतील संत अल्फोन्सा आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहेत. परंतु ह्या त्या नव्हेत. माता मेरी अल्फॉन्सा ह्या अमेरिकेच्या. त्यांचें पूर्वीचें नांव रोझ हॉथॉर्न. इतक्या दूर देशींच्या बाईचें चरित्र हिंगोली जिल्ह्यांतील वाचकांस कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, कर्करोगाला, म्हणजे आपण सर्वजण ज्याला कॅन्सर म्हणतों त्या रोगाला, आज आपल्याकडील एकही गांव अनोळखी उरलेलें नाहीं. हळदीच्या शेतांत राबणारा धडधाकट माणूस तंबाखूच्या व गुटख्याच्या पायीं गालांत गांठ घेऊन परळच्या इस्पितळापर्यंत जातो, आणि कांहीं महिन्यांनीं आतां उपाय नाहीं असा निरोप घेऊन गाडीनें परत येतो. इस्पितळाचें काम जेथें संपतें तेथें घरच्या माणसांचें काम सुरू होतें. आणि तें कसें करावें हें त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें. नेमक्या ह्याच टोकाशीं, म्हणजे औषध हरल्यानंतरच्या टोकाशीं, ही बाई तीस वर्षें उभी राहिली. एवढ्याचकरितां हें चरित्र.

रोझ ह्यांचा जन्म १८५१ सालच्या मे महिन्याच्या २० तारखेस मॅसॅच्युसेट्स प्रांतांत लेनॉक्स ह्या गांवीं झाला. पिता नथॅनिएल हॉथॉर्न हे अमेरिकेंतील थोर कादंबरीकार. माता सोफिया ह्या चित्रकलेंत निपुण. ऊना, ज्यूलियन व रोझ अशीं तीन भावंडें, रोझ शेंडेफळ. घराण्याचे पूर्वज कडवे प्युरिटन. रोमी ख्रिस्तसभेविषयीं तेथें ममत्व असण्याचें कारण नव्हतें. १८५३ सालीं पित्याची नेमणूक लिव्हरपूल बंदरीं अमेरिकेचे वकील म्हणून झाली व सर्व कुटुंब इंग्लंडांत आलें. पुढें १८५८ सालीं तें रोम येथें जाऊन राहिलें. तेथें ही अवखळ मुलगी बागेंत धांवत असतांना थेट नवव्या पायस पोपमहाशयांवर जाऊन आदळली व त्यांनीं हंसून तिच्या मस्तकावर हात ठेवला, असें त्या घरांत कौतुकानें सांगत. ह्या गोष्टीवर आम्ही फार भार देत नाहीं; साधुजनांच्या बालपणाभोंवतीं अशा गोष्टी गोळा होतातच.

दुसरी एक गोष्ट मात्र भार देण्यासारखी आहे. इंग्लंडांत असतांना हॉथॉर्नसाहेब एकदां गरिबांचें एक अनाथगृह पाहावयास गेले होते. तेथें रोगानें विद्रूप झालेलें, डोळे चिकटलेलें, अंगावर फोड उठलेलें एक लहान मूल त्यांच्या पायांशीं येऊन घुटमळूं लागलें व आपल्याला उचलून घ्यावें म्हणून त्यानें हात वर केले. साहेब स्वभावानें अत्यंत संकोची. अनोळखी माणसाशीं बोलणेंही त्यांना जड जाई. घाण तर त्यांना मुळींच सहन होत नसे. क्षणभर ते थबकले, आणि मग त्यांनीं त्या मुलास उचलून घेतलें व तें स्वतःचेंच मूल असल्याप्रमाणें कवटाळलें. १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडविषयक ग्रंथांत त्यांनीं हा प्रसंग लिहिला, पण स्वतःचें नांव न घालतां, बरोबरच्या मंडळींपैकीं कोणा एका गृहस्थाची गोष्ट म्हणून. पित्याच्या साऱ्या ग्रंथसंपत्तींत ह्या परिच्छेदाहून मोलाचें कांहीं नाहीं, असें रोझ ह्यांचें पुढें मत झालें. शिसारी वाटणें हा मनुष्यस्वभाव आहे, ती गिळून हात पुढें करणें हें प्रेम आहे, हा धडा त्यांना प्रथम वडिलांपासून मिळाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा पिता त्यांना फार दिवस लाभला नाहीं. १८६४ सालच्या मे महिन्याच्या १९ तारखेस, म्हणजे मुलीच्या तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, त्यांचा अंत झाला. पुढें माता मुलांसह जर्मनींत व तेथून लंडनला गेली, आणि १८७१ च्या फेब्रुवारींत तीही निवर्तली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, वयाच्या विसाव्या वर्षीं, रोझ ह्यांनीं जॉर्ज लेथ्रॉप नांवाच्या तितक्याच तरुण लेखकाशीं लग्न केलें. दोघेही हुशार, दोघेही हळवे, पैशाची नेहमीं ओढाताण. संसार सुखाचा झाला नाहीं. १८७६ सालीं त्यांना फ्रान्सिस नांवाचा पुत्र झाला. तो अवघा चार वर्षांचा असतांना, १८८१ च्या फेब्रुवारींत, घटसर्पानें दगावला. दुसरें मूल त्यांना झालें नाहीं. ज्या आईबापांच्या मांडीवर मूल गेलें आहे त्यांना ह्यापुढें आम्हीं कांहीं सांगावयास नको.

१८९१ सालच्या मार्च महिन्याच्या १९ तारखेस, संत योसेफाच्या सणादिवशीं, उभयतां पतिपत्नींनीं न्यूयॉर्क येथें रोमी कॅथॉलिक श्रद्धेचा स्वीकार केला. जुन्या प्युरिटन घराण्याची मुलगी रोमी झाली म्हणून वर्तमानपत्रांतून बराच गवगवा झाला. परंतु नव्या श्रद्धेनें जुने दोष एका रात्रींत जात नसतात. लेथ्रॉप ह्यांना मद्याचें व्यसन होतें; तें वाढत गेलें. अखेरीस १८९५ सालीं ख्रिस्तसभेच्या अनुज्ञेनें रोझबाई पतीपासून विभक्त झाल्या. विवाहाचें बंधन तुटलें नव्हतें. पतीसाठीं त्या प्रार्थना करीत राहिल्या. चव्वेचाळीस वर्षांचें वय, मूल नाहीं, संसार नाहीं, आणि हातीं थोडीबहुत लेखनकला. असल्या स्थितींत पुष्कळ माणसें उरलेले दिवस कुढत काढतात.

अमेरिकेंतील प्रसिद्ध कवयित्री एमा लाझारस ही रोझबाईंची स्नेहीण. ती १८८७ सालीं कर्करोगानें वारली. ती श्रीमंत घरची असल्यामुळें तिच्या शेवटच्या दिवसांत नर्सा, डॉक्टर, मऊ अंथरूण, आप्तांचा सहवास ह्यांची वाण पडली नाहीं. कांहीं वर्षांनीं रोझबाईंच्या कानांवर दुसरी एक हकीकत आली. एक गरीब पण सुशिक्षित शिवणकाम करणारी बाई ह्याच रोगानें खंगली. जवळचे पैसे संपले, इस्पितळानें असाध्य म्हणून नांव कमी केलें, आणि तिची रवानगी ब्लॅकवेल बेटावरील भिकाऱ्यांच्या आश्रयगृहांत झाली. त्या काळीं न्यूयॉर्कांत हीच पद्धत होती. रोग बरा होण्याजोगा नाहीं असें ठरलें कीं कंगाल रोग्याला इस्पितळांत खाट नसे. कर्करोग संसर्गजन्य आहे असाही समज लोकांत पसरलेला होता. त्यामुळें भाड्याच्या खोलींतूनही अशा रोग्याला बाहेर काढीत, आणि कधीं कधीं सख्खीं माणसेंही हात लावीत नसत. दोन स्त्रिया, एकच रोग, आणि मरणांत एवढें अंतर केवळ पैशामुळें! ही गोष्ट रोझबाईंच्या मनास डांचूं लागली.

१८९६ च्या उन्हाळ्यांत त्या न्यूयॉर्कच्या कर्करोग इस्पितळांत शुश्रूषेचें शिक्षण घेण्यास गेल्या. अवघा तीन महिन्यांचा अभ्यास. पहिल्याच दिवसांत त्यांच्या वाट्याला वॉटसन नांवाची एक वृद्ध बाई आली. तिच्या चेहऱ्यावर कर्करोगाचा व्रण होता. तें तोंड उघडून पाहतांना रोझबाईंना भोंवळ येऊं लागली. त्या मुळच्या नाजूक प्रकृतीच्या. सुवास, सुंदर वस्त्रें, चित्रें ह्यांत वाढलेल्या. पण त्या खोलींतून निघून गेल्या नाहींत. तोंडाचा कर्करोग ज्यांनीं आपल्या घरांत पाहिला आहे त्यांना ह्या वाक्याचा अर्थ कळेल. जखमेचा वास, गालांतून बाहेर येणारें पाणी, माशा, आणि ह्या सर्वांची रोग्याला स्वतःला वाटणारी लाज. वेदनेइतकीच ती लाजही माणसाला पोळते.

त्याच वर्षीं शरदांत त्यांनीं शहराच्या पूर्व भागांत, अगदीं गरीब परदेशी लोकांच्या दाट वस्तींत, स्कॅमेल स्ट्रीटवर दोन-तीन खोल्या भाड्यानें घेतल्या. स्वतः भिंती रंगविल्या, जमीन घासली. शेजारपाजारच्या रोग्यांच्या जखमा धुवावयाच्या, पट्ट्या बदलावयाच्या, आणि ज्यांना कोठेंच जागा नाहीं त्यांना आपल्याच खोलींत ठेवावयाचें, असा क्रम सुरू झाला. इस्पितळानें असाध्य म्हणून काढलेल्या वॉटसनबाई तेथेंच राहावयास आल्या. ही म्हातारी कांहीं गोड स्वभावाची नव्हती. रोगी संतासारखा शांत असेल अशी अपेक्षा धरून जो सेवेला बसतो त्याची सेवा आठवडाभर टिकते. रोझबाईंची टिकली.

पैसा कोठून येई? त्या वर्तमानपत्रांना पत्रें लिहीत. बापाची लेखणी त्यांना ह्या कामीं उपयोगी पडली. मार्क ट्वेन ह्या सुप्रसिद्ध विनोदी लेखकानें, ज्याचें कोणत्याच पंथाशीं फारसें जुळत नसे, त्यांच्या कार्यास मनापासून साह्य केलें. आम्हांस ह्यांत नवल वाटत नाहीं. जखम धुणाऱ्या हाताचा पंथ कोणी विचारीत नाहीं.

१८९७ च्या अखेरीस ॲलिस ह्यूबर नांवाची केंटकी प्रांतांतील एक तरुण चित्रकार स्त्री, आठवड्यांतून एक दुपार मदत करीन म्हणून आली. तिनें प्रथम जें दृश्य पाहिलें त्यानें तिचें मन विटलें. तरी ती परत आली, आणि १८९८ सालीं कायमची राहिली. त्याच वर्षीं एप्रिलांत जॉर्ज लेथ्रॉप इस्पितळांत अत्यवस्थ असल्याची वार्ता आली. रोझबाई धांवत गेल्या, परंतु त्या पोंचण्यापूर्वींच त्यांनीं प्राण सोडला होता. परक्यांच्या शेकडों मृत्युशय्यांशीं बसणाऱ्या ह्या बाईला स्वतःच्या पतीच्या मृत्युशय्येशीं बसणें लाभलें नाहीं.

१८९९ सालीं चेरी स्ट्रीटवर एक घर विकत घेतलें गेलें व लिमा येथील संत रोझ हिचें नांव त्याला दिलें. डॉमिनिकन संघाच्या एका धर्मगुरूंनीं हें कार्य पाहिलें व ह्या स्त्रियांना आपल्या संघाच्या तिसऱ्या शाखेंत येण्याचा मार्ग दाखविला. १९०० सालच्या डिसेंबरच्या ८ तारखेस, अमलोद्भव मातेच्या सणादिवशीं, दोघींनीं धर्मवस्त्र परिधान केलें. रोझ हॉथॉर्न ही माता मेरी अल्फॉन्सा झाली व ॲलिस ह्यूबर ही सिस्टर मेरी रोझ झाली. पुढील वर्षीं शहराबाहेर टेकडीवर मोठें घर व मोकळी जागा मिळाली. तें रोझरी हिल. त्या वस्तीलाच पुढें हॉथॉर्न हें नांव पडलें.

त्यांच्या गृहाचे नियम थोडे पण कडक होते. जो गरीब आहे व ज्याचा रोग असाध्य ठरला आहे त्यालाच प्रवेश. मग तो कोणत्याही धर्माचा, वंशाचा असो. रोग्याकडून किंवा त्याच्या आप्तांकडून एक पैही घ्यावयाची नाहीं. रोग्यावर कोणतेही प्रयोग करावयाचे नाहींत. आणि सर्वांत अवघड नियम हा कीं, जखम कशीही असो, सेवा करणारीच्या चेहऱ्यावर किळस दिसतां कामा नये. खोलींत फुलें असत, पक्षी असे, कुत्राही असे. माता अल्फॉन्सांना प्राण्यांचा फार लळा. आणि मरणाऱ्या माणसाला कुत्र्याची सोबत कां नसावी, हें त्यांना कोणींही पटवून दिलें नसतें. रोगी तेथें येत तेव्हां ते मरावयास आले आहेत असें समजून त्यांना वागविलें जात नसे. पाहुणे म्हणून वागविलें जाई.

येथें चरित्राचा धागा क्षणभर सोडून आम्हांस कांहीं बोलावयाचें आहे.

सेमिनरींत असतांना आम्ही दुःखाचें मोल शिकलों. आपलें दुःख प्रभूच्या क्रूसाशीं जोडावें, म्हणजे तें व्यर्थ जात नाहीं, ही आपली श्रद्धा आहे व ती सोडण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु त्या शिकवणुकीचा आम्हीं एकदां गैरवापर केला, हें येथें लिहून ठेवणें आम्हांस प्राप्त आहे. फार वर्षांपूर्वीं एका घरीं अशाच एका रोग्याला पवित्र प्रसाद देण्यास आम्ही गेलों होतों. रोगी रात्रंदिवस तळमळत होता. उताणें निजतां येत नव्हतें, कुशीवर वळतां येत नव्हतें. आम्हीं घरच्यांना सहनशीलतेवर उपदेश केला. औषधाविषयीं एक शब्दही विचारला नाहीं. वेदनेच्या गोळ्या त्या घरांत होत्या. परंतु सवय लागेल, ह्या गोळ्या म्हणजे शेवट जवळ आला, अशा भयानें त्या डब्यांत बंद करून ठेवलेल्या होत्या. हें आम्हांस दफनविधीनंतर कळलें. आमच्या उपदेशानें त्या डब्याचें झांकण अधिकच घट्ट बसलें असलें पाहिजे.

म्हणून आतां स्पष्ट लिहितों. वेदना शमविण्यांत पाप नाहीं. बारावे पायस पोपमहाशय ह्यांनीं १९५७ सालच्या फेब्रुवारींत भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढें भाषण करून असा निर्णय दिला कीं, दुसरा मार्ग नसेल तर असह्य वेदना थांबविण्याकरितां गुंगी आणणारीं औषधें देणें योग्य आहे. त्यायोगें आयुष्य थोडें कमी होण्याचा संभव असला तरीही, मारण्याचा हेतु नसल्यास, तें योग्यच आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथांतही हीच शिकवण आहे. प्रभूनें क्रूसावर स्वतः दुःख पत्करलें. पण समोर आलेल्या एकाही रोग्याला त्यानें तसेंच सहन करीत बस म्हणून परत पाठविलें नाहीं. दयाळू शोमरोन्यानें वाटेंत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. त्या काळचें वेदनेवरचें औषध तेंच होतें.

मॉर्फिन हें अफूपासून निघणारें औषध. जर्मनींतील एका औषधविक्रेत्यानें तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वेगळें काढलें. म्हणजे माता अल्फॉन्सांच्या काळीं तें होतें; परंतु तें कसें द्यावें ह्याचें शास्त्र पुष्कळ उशिरां तयार झालें. तें तयार करण्यांत पुन्हां धर्मभगिनींचाच हात आहे, हें आम्ही अभिमानानें सांगतों. लंडनमध्यें आयर्लंडच्या धर्मभगिनींनीं चालविलेल्या सेंट जोसेफ रुग्णगृहांत सिसिली सॉन्डर्स ह्या डॉक्टरीणबाई १९५८ सालीं काम करूं लागल्या. त्यांनीं दाखवून दिलें कीं, वेदना उसळल्यावर औषध देणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणें होय. औषध तोंडानें, ठराविक तासांनीं, घड्याळ पाहून द्यावें, म्हणजे वेदना डोकेंच वर काढीत नाहीं व रोग्याच्या मनांतील पुढच्या कळेची दहशत जाते. १९६७ सालीं त्यांनीं सेंट क्रिस्टोफर ही संस्था काढली. वेदना ही केवळ हाडामांसाची नसते. मुलीच्या लग्नाची काळजी, डोक्यावरचें कर्ज, भावाशीं तुटलेलें बोलणें, देवाविषयींचा राग, हें सर्व मिळून ती वेदना होते, हेंही त्यांनींच शिकविलें. ह्या शेवटल्या भागासाठीं गोळी नाहीं. तेथें भावानें येऊन उंबरठा ओलांडावा लागतो.

ज्यांच्या घरीं रोगी आहे त्यांना दोन शब्द. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांनीं दिल्या असतील तर त्या सांगितलेल्या तासाला द्या. साधी गोळी बहुधा चार-चार तासांनीं असते. रोग्यानें कण्हण्याची वाट पाहूं नका. वेदनेवर रीतीनें दिलेल्या ह्या औषधाचें सहसा व्यसन लागत नाहीं. मात्रा वाढवावी लागली तर रोग वाढला असेल, तें डॉक्टरांना कळवा, स्वतःच्या मनानें वाढवूं नका व एकाएकीं बंदही करूं नका. पहिले कांहीं दिवस झोंप व मळमळ येते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हटत नाहीं. त्यासाठीं पहिल्या दिवसापासून रेचक मागून घ्या. पुष्कळ रोगी वेदनेनें नव्हे, पोट न झाल्यानें हैराण होतात, आणि संकोचानें बोलत नाहींत. जखमेला वास येत असेल तर त्यावरही औषध आहे. डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारा. वासामुळें नातवंडें आजोबाच्या खाटेपाशीं येईनाशीं होतात, आणि तें दुःख आजोबाला जखमेहून अधिक होतें.

आपल्या देशाची गोष्ट विचित्र आहे. सरकारी परवान्यानें अफूचें पीक घेणाऱ्या मोजक्या देशांत हिंदुस्थानची गणना होते. परंतु १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यांचें एवढें जाळें विणलें गेलें कीं, इस्पितळांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडून दिलें. अफू शेतांत, आणि रोगी तळमळत! २०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन वाट कांहींशी मोकळी झाली, तरी जिल्ह्याच्या ठिकाणीं ह्या गोळ्या कोठें मिळतील हें आजही विचारूनच घ्यावें लागतें. परळहून परत येतांना कागदपत्रांबरोबर ही चौकशी करूनच निघावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. तें टाटा इस्पितळ सुद्धां प्रियजनाच्या वियोगांतूनच उभें राहिलें आहे. मेहरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें गेल्या, पुढच्याच वर्षीं सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या मागें त्यांच्या धर्मादाय निधींतून १९४१ सालीं इस्पितळ उघडलें. त्याच इस्पितळांत शस्त्रक्रिया करणारे डॉ. लुईस डिसोझा ह्यांनीं १९८६ सालीं वांद्रे येथें शांति अवेदना सदन स्थापिलें. औषध हरलेल्या कर्करोग्यांकरितां असें गृह हिंदुस्थानांत त्यापूर्वीं नव्हतें. तेथें धर्मभगिनी सेवा करतात व रोग्यांकडून पैसा घेतला जात नाहीं. पुढें गोव्यांत व दिल्लीसही त्याच्या शाखा निघाल्या. न्यूयॉर्कच्या त्या भाड्याच्या खोल्यांपासून वांद्र्याच्या टेकडीपर्यंत एक वाट गेलेली आम्हांस दिसते.

आतां पुन्हां चरित्राकडे वळूं. १९१२ सालीं शहरांत नवें व मोठें सेंट रोझ गृह बांधून झालें. माता अल्फॉन्सा बहुधा टेकडीवरच्या रोझरी हिल येथें राहत. सिस्टर रोझ शहरांतील गृह पाहत. दोघींचे स्वभाव भिन्न. एक कल्पनाशील, उतावीळ, पत्रांवर पत्रें लिहिणारी. दुसरी शांत, हिशेबी. पुष्कळदां मतभेद होत. पण त्यांची जोडी शेवटपर्यंत फुटली नाहीं. १९२५ सालीं बोडिन कॉलेजानें, ज्यांत हॉथॉर्नसाहेब शिकले होते, त्यांच्या ह्या कन्येला सन्मानाची पदवी दिली. पदवी मिळाली तेव्हां तिची काळजी एवढीच होती कीं, रोझरी हिल येथील जुनी लांकडी इमारत कधीं तरी आगींत सांपडेल व खाटेवरून उठतां न येणारे रोगी आंत अडकतील. न पेटणारी नवी इमारत झाली पाहिजे ह्या ध्यासानें ती पंचाहत्तराव्या वर्षीं पुन्हां लेखणी घेऊन बसली.

१९२६ सालच्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस त्या ह्याच इमारतीच्या मदतीसाठीं पत्रें लिहीत होत्या. रात्रीं निजल्या, आणि ९ तारखेच्या सकाळीं त्या झोंपेंतच गेलेल्या आढळल्या. त्यांच्या आईबापांच्या लग्नाचा तो वाढदिवस होता. इतरांच्या मरणवेदना तीस वर्षें पाहिलेल्या ह्या स्त्रीला देवानें वेदनेवांचून नेलें. त्यांच्यामागें संघाची धुरा सिस्टर रोझ ह्यांनीं उचलली, आणि ती इमारतही उभी राहिली. त्यांच्या संघाच्या भगिनी आजही रोगी, आप्त किंवा सरकार ह्यांजकडून कांहींही न घेतां तेंच काम करीत आहेत.

२००३ सालीं न्यूयॉर्कच्या महागुरुस्वामींनीं त्यांना संतपद मिळावें म्हणून चौकशी सुरू केली. २०२४ सालच्या मार्च महिन्यांत फ्रान्सिस पोपमहाशयांच्या अनुमतीनें त्यांस पूज्य ही पदवी देण्यांत आली. २००६ सालीं आणखी एक गोष्ट घडली होती. लंडनमध्यें पुरलेल्या माता सोफिया व भगिनी ऊना ह्यांच्या अस्थि अमेरिकेंत आणून कॉन्कॉर्ड येथें हॉथॉर्नसाहेबांच्या शेजारीं ठेवण्यांत आल्या, आणि त्या प्रसंगीं माता अल्फॉन्सांच्या संघाच्या भगिनी कबरीपाशीं हजर होत्या. रोझ मात्र तेथें नाहींत. त्या हॉथॉर्न गांवाजवळच्या दफनभूमींत, आपल्या भगिनींच्या रांगेंत निजल्या आहेत.